गावाचं नाव बदललं आणि फोन बंद पडले: दाजींच्या टॅक्सीची केस

जानेवारी २०२४, रविवार सकाळ, मी अजून अंथरुणातच, तेवढ्यात दाजींचा फोन. "काय करू लागला रे? मोकळा असशील तर ये जरा, वेबसाइटला काय झालंय बघ, फोनच येईनात."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. छत्रपती संभाजीनगरात टॅक्सीचा धंदा आहे, चार गाड्या, दोन एर्टिगा, एक डिझायर, एक टेम्पो ट्रॅव्हलर, आणि अजिंठा-वेरूळ-शिर्डी-पैठण याच्यावर सगळं घर चालतं. जानेवारी म्हणजे ऐन सीझन. दिवाळीपासून मार्चपर्यंत जे कमवायचं ते कमवायचं, पुढे आपल्याकडच्या उन्हात लेणी बघायला कोण येतंय. त्यामुळे मी गेलो तेव्हा दोन्ही एर्टिगा दारात धूळ खात उभ्या दिसल्या ना, तेव्हाच कळलं की हे नुसतं दाजींचं रडगाणं नाहीये.

माझं काम वेबसाइटचंच, बनवणं, दुरुस्त करणं, गुगलवर वर आणणं. पण नातेवाइकाचं काम मी शक्यतो घेत नाही, पैसे मागता येत नाहीत आणि बिघडलं तर ताईच्या घरी जेवायला जाता येत नाही. हे घ्यावं लागलं. आणि खरं सांगायचं तर बरं झालं घेतलं, कारण ही केस मी आता प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला सांगतो.

दाजींचं पहिलं वाक्य: "वेबसाइट तर दिसू लागली की, हे बघ." आणि त्यांनी मोबाइलवर स्वतःच्या फर्मचं नाव टाकून दाखवलं. पहिलाच नंबर. आता हीच चूक दहातले आठ धंदेवाले करतात. अरे बाबा, तुझं नाव ज्याला माहीत आहे तो तुला फोनच करेल ना, गुगल कशाला करेल? नाशिकचा किंवा नागपूरचा माणूस तुमचं नाव टाकत नाही, तो टाकतो "अजंता एलोरा टॅक्सी", आणि तिथे दाजी पहिल्या पानावर तर सोडा, चौथ्या पानापर्यंत मी गेलो तरी दिसले नाहीत.

घसरण खरंच झालीय का, आणि झाली असेल तर कधीपासून, हे आधी बघायचं होतं. इथे ताईचं रजिस्टर कामाला आलं. ताई पहिल्यापासून प्रत्येक फोन लिहून ठेवते, तारीख, कुठून कुठे, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर: "गु" म्हणजे गुगलवरून आला, "हॉ" म्हणजे हॉटेलवाल्याने पाठवला, "जु" म्हणजे जुनं गिऱ्हाईक. शंभर पानी वही, वरती साईबाबांचा फोटो. महागाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे हा शेवटचा रकाना नसतो! आम्ही डिसेंबर २०२२ चे "गु" मोजले, ६१ निघाले. डिसेंबर २०२३ चे मोजले, १४. "हॉ" आणि "जु" जवळपास तेवढेच होते. म्हणजे प्रवासी कमी झाले नव्हते, गुगलवरून येणारे कमी झाले होते, आणि वही मागे चाळली तर घसरण ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालेली.

मग मी नेहमीची तपासणी सुरू केली. आधी बघितलं की वर्डप्रेसच्या, म्हणजे दाजींची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या, सेटिंगमध्ये सर्च इंजिनला मनाई करणारी ती टिकमार्क कुणी चुकून लावली आहे का, कारण नवीन थीम टाकताना लोक ती लावतात आणि काढायची विसरतात. नव्हती. रोबोट्स फाइल, म्हणजे सर्च इंजिनने कुठे यायचं आणि कुठे नाही ते सांगणारी, ठीक होती, गुगलची पेनल्टी म्हणतात तसली मॅन्युअल ॲक्शन पण काही नव्हती. मग गुगलमध्ये "साइट", पुढे कोलन आणि त्याला लागून दाजींचा डोमेन टाकला, याने गुगलकडे आपली कुठली पानं आहेत त्याचा साधारण अंदाज येतो. यादी आली, मी पहिल्या लिंकवर क्लिक केलं. "पान सापडलं नाही." दुसरी. "पान सापडलं नाही." तिसरी, तेच.

"दाजी, ऑक्टोबरमध्ये कोणी हात लावला होता वेबसाइटला?"

दाजी जरा गप्प बसले. आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, "सांगा ना मग!"

झालं असं होतं. शहराच्या नावाला फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं नाव पण बदललं. दाजींना वाटलं आता सगळीकडेच बदललं, आपणच का मागे राहायचं, त्यांनी गाड्यांवरची अक्षरं बदलली, व्हिजिटिंग कार्ड नवीन छापलं, आणि पुतण्याला सांगितलं की वेबसाइटवर पण बदलून टाक. पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हुशार पोरगं, त्याने एकेक पान उघडत बसण्यापेक्षा एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं जे अख्ख्या डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटचं सगळं जिथे साठवलेलं असतं तिथे, एक शब्द शोधून दुसरा टाकतं. बटन दाबलं, अर्ध्या मिनिटात अख्खं औरंगाबाद संभाजीनगर झालं. दाजी खूश, पोराला शंभराची नोट.

नावाच्या राजकारणात मला पडायचं नाही, दाजींना नवीन नाव मनापासून आवडतं आणि तो त्यांचा हक्क आहे. पण त्या बटनाने काय काय बदललं ते ऐका. नुसता मजकूर नाही बदलला, प्रत्येक पानाचा पत्ता पण बदलला. "औरंगाबाद टू एलोरा टॅक्सी" असा जो पत्ता सात वर्षं होता, ज्याला दोन-चार हॉटेलांच्या साइटवरून आणि कुणा कुणा प्रवाशांच्या ब्लॉगवरून लिंक होत्या, तो पत्ताच गायब. एडिटरमधून एखाद्या पोस्टचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि माणसाला नवीन ठिकाणी पाठवतं, पण इथे थेट डेटाबेसमध्ये हात घातलेला, त्याला काय माहीत. गुगलसाठी जुनी पानं मेली आणि नवीन पानं म्हणजे काल जन्मलेली, कसलीही ओळखपाळख नसलेली.

फोटोंचं पण तेच. बीबी का मकबऱ्याच्या फोटोच्या फाइलचं नाव औरंगाबादने सुरू होत होतं, पानातल्या कोडमध्ये ते संभाजीनगर झालं पण सर्व्हरवरची फाइल होती तिथेच जुन्या नावाने, त्यामुळे फोटोच्या जागी नुसता तुटका चौकोन. अकरा फोटो असे गेलेले. आणि कळस म्हणजे ईमेल! दाजींच्या जीमेलमध्ये औरंगाबाद होतं, तिथेही प्लगइनने इमानेइतबारे संभाजीनगर केलं, म्हणजे संपर्काच्या पानावर अडीच महिने असा ईमेल होता जो जगात अस्तित्वातच नव्हता. एका जर्मन बाईने २०१८ मध्ये लिहिलेला अभिप्राय होता, तिला औरंगाबाद फार आवडलं म्हणून, तो वाचला तर बाई २०१८ मध्येच छत्रपती संभाजीनगर म्हणत होती. ताई इतकी हसली की चहा सांडला. दाजी नाही हसले.

सर्च कन्सोलचं खातं पुतण्याच्याच जीमेलवर होतं, त्याने मला मालक म्हणून जोडलं. हे गुगलचं फुकट साधन आहे, लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती वेळा, कितव्या नंबरवर, किती जणांनी क्लिक केलं, सगळं असतं त्यात, मागच्या १६ महिन्यांचं. आणि त्या १६ महिन्यांचा मोठा फायदा असा की हा सीझन मागच्या सीझनशी ताडून बघता येतो, नाहीतर टॅक्सीच्या धंद्यात मे महिना आणि डिसेंबर महिना शेजारी ठेवून काय कळणार, कप्पाळ? मागच्या वर्षीचे तेच तीन महिने आणि हे तीन महिने लावले, रेषा बघून दाजींनी चष्मा काढून ठेवला. पानांच्या रिपोर्टमध्ये "सापडलं नाही", म्हणजे ४०४ वाली, २६ पानं.

पण मला खरी गंमत वाटली ती लोकांनी टाइप केलेल्या शब्दांची. इंग्रजीत शोधणारा, बाहेरच्या राज्यातला आणि परदेशातला माणूस जवळजवळ सगळा "औरंगाबाद"च टाकत होता, त्याने जुन्या गाइडबुकात ते वाचलंय, आणि रेल्वे स्टेशनचं नाव तर तोपर्यंत औरंगाबादच होतं. मराठीत शोधणारा "संभाजीनगर" टाकू लागला होता, देवनागरीत पण, आणि "छत्रपती" सगळे लावत नाहीत, काही जण "संभाजी नगर" असं तोडून लिहितात. नुसतं "संभाजीनगर" टाकलं तर चिंचवडमधलं संभाजीनगर पण येतं. आणि नुसतं "औरंगाबाद" टाकलं तर बिहारमध्ये अख्खा औरंगाबाद जिल्हा आहे! दाजींना पूर्वी वर्षातून चार-पाच फोन तिकडून यायचे, "भैया, औरंगाबाद से गया जाना है, कितना लोगे", आणि दाजी वैतागून फोन आपटायचे. वेरूळला इंग्रजीत एलोरा म्हणतात, घृष्णेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग तर जो तो आपापल्या मनाने करतो. सरकारने नाव एका दिवसात बदललं तरी लोकांच्या बोटांची सवय एका दिवसात जात नाही, आणि आपल्याला पैसे ती बोटं देतात.

दाजींना आता घाई. "मग परत औरंगाबाद करून टाक सगळं." हा एक मार्ग होता, आणि खरं तर सोपा. पण मी नाही केला. एक तर तीन महिन्यांत नवीन पत्त्यांची थोडीफार पानं गुगलने घेतली होती, आणि दुसरं म्हणजे आज ना उद्या नवीन नावच चालणार आहे, मग आज मागे जायचं आणि दोन वर्षांनी परत पुढे यायचं, ही कवायत कोण करणार. पत्ते नवीनच ठेवले आणि जुन्या प्रत्येक पत्त्यावर ३०१ लावला. ३०१ म्हणजे कायमचं पुनर्निर्देशन, साध्या भाषेत, दुकान हलवलं की जुन्या शटरवर आपण पाटी लावतो ना, "आमचे दुकान समोरच्या गल्लीत स्थलांतरित", ती पाटी. पाटी नसेल तर गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बुडालं. गुगलला पण तेच वाटतं.

एक काळजी घ्यावी लागते. पुष्कळ जण काय करतात, सगळे जुने पत्ते एकगठ्ठा होमपेजवर वळवतात. अजिंठ्याचं पान शोधत आलेला माणूस होमपेजवर टाकला तर तोही वैतागतो आणि गुगल पण असल्याला "सॉफ्ट ४०४" धरतं, म्हणजे न सापडल्यातच जमा. त्यामुळे एका शीटमध्ये २६ जुने पत्ते, समोर २६ नवीन, एकास एक. वेरूळचं वेरूळला, पैठणचं पैठणला. त्यातही काही पत्ते दोनदा बदललेले निघाले, आधी नुसतं संभाजीनगर, मग दाजींनी "छत्रपती पाहिजेच" म्हटल्यावर परत. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून शेवटच्यावर अशी साखळी न करता थेट शेवटच्यावर पाठवलं. नंतर नवीन साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची गुगलला द्यायची यादी, भरला, आतल्या सगळ्या लिंक नीट केल्या, फोटो आणि ईमेल दुरुस्त केले, जर्मन बाईला तिचं औरंगाबाद परत दिलं. एक दुपार आणि अर्धी रात्र. हॉटेलवाल्यांना फोन करून त्यांच्या साइटवरच्या लिंक पण बदलून घ्या म्हणलं, दोघांनी बदलल्या, बाकीचे अजून "हो करतो" वरच आहेत. म्हणून ही ३०१ ची पाटी काढायची नाही, गुगल निदान एक वर्ष ठेवा म्हणतं, मी म्हणतो कायमची राहू द्या, काय खाते का ती.

मग नावाचा प्रश्न. दाजींच्या पुतण्याची आयडिया होती, प्रत्येक पान दोनदा करू, एक औरंगाबादचं एक संभाजीनगरचं. ऐकायला बरं वाटतं, पण तोच मजकूर नुसतं नाव बदलून दोन पानांवर टाकला की आपलीच पानं आपल्याशी भांडतात, आणि नुसत्या गुगलसाठी अशी पानं काढणं त्यांच्या नियमांप्रमाणे स्पॅमच धरलं जातं. एकच पान ठेवलं, टायटलमध्ये "छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) ते अजिंठा टॅक्सी", पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं एकेकदा, पुढे माणूस बोलतो तसं. पन्नास वेळा नाव कोंबायचं नाही. मेटा कीवर्डची, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून ठेवलेल्या शब्दांची, लांबलचक यादी होती ती उडवली, गुगल ते वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय, तरी आजही लोक त्याचे पैसे घेतात.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर गेलेलं थोडंफार परत आलं असतं, नवीन काही मिळालं नसतं. कारण पानांवरचा मजकूर बघितला तर "अजिंठा ही जगप्रसिद्ध लेणी असून" वगैरे, कुठून तरी उचललेलं. १९८३ पासून जागतिक वारसा आहे, मान्य, पण हे सांगणाऱ्या हजार साइट आहेत, त्यात दाजींची कशाला वर येईल? मी ताईची वही परत घेतली. फोनवर लोक काय विचारतात ते ती कोपऱ्यात लिहिते. सगळ्यात जास्त वेळा एकच: "सोमवारी चालेल का?" कारण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, आणि लोक नेमके शनिवार-रविवार शिर्डी करून सोमवारी अजिंठ्याला निघतात. दाजींना हे तोंडपाठ, वेबसाइटवर एक शब्द नाही!

मग मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि दाजींना म्हणलं, समजा मी मुंबईचा पाहुणा आहे, सांगा. दाजी जे सुटले. अजिंठा इथून साधारण शंभर किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोडवरून, सकाळी लवकर निघा, आमची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटपर्यंतच जाते, तिथून पुढचे चार किलोमीटर शटल बस, त्यामुळे पाण्याची बाटली आणि टोपी गाडीत विसरू नका. वेरूळ तीसेक किलोमीटर, अर्धा दिवस फक्त सोळा नंबरच्या कैलास लेण्यालाच द्या, पळापळ करू नका. जाताना दौलताबादचा किल्ला करायचा असेल तर तो आधी करा, ऊन चढल्यावर म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, त्यामुळे आधीच सांगतो, नंतर ड्रायव्हरवर चिडू नका. हे सगळं मी जसंच्या तसं उतरवलं, फक्त दोन-तीन शिव्या काढल्या. "सोमवारी काय बघाल, मंगळवारी काय बघाल" असं एक वेगळं पान झालं, आणि पुढे सगळ्यात जास्त क्लिक आणणारं पान तेच ठरलं. माझ्या कुठल्याही टेक्निकल हुशारीपेक्षा दाजींची ती वीस मिनिटांची बडबड भारी पडली, हे लिहिताना जीवावर येतंय पण आहे.

स्पीडचं काम किरकोळ. होमपेजवर पाच फोटोंचा स्लायडर, एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, सिल्लोडच्या पुढे नेटवर्क कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकच फोटो ठेवला, बारीक करून. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगलचं माप आहे, त्यात बसलो.

गुगल मॅपवरच्या प्रोफाइलचं मात्र दुखणं होतं. फर्मच्या नावापुढे कोणीतरी "बेस्ट टॅक्सी अजंता एलोरा शिर्डी स्वस्त" अशी शेपटी लावलेली, पाटीवर नाव जे आहे तेवढंच तिथे चालतं, बाकीची शेपटी एक दिवस प्रोफाइल बंद पाडते. कापली. दुसरं, पुतण्याच्या होस्टेलच्या मित्रांनी एका रात्रीत दिलेले नऊ पाच-स्टार, "नाइस सर्व्हिस", "गुड", "नाइस". ते त्यांनाच काढायला लावले. दाजी हळहळले, पण मी म्हणलं, खरे मागा की! चिकलठाणा विमानतळावर पाहुणा उतरतो, खूश असतो, तेव्हा ड्रायव्हरने नम्रपणे लिंक पाठवायची. त्याबदल्यात भाड्यात सूट द्यायची नाही, तेही नियमात बसत नाही.

मधल्या काळात दाजींना एका कंपनीचा फोन आला, महिना पंधरा हजार, गॅरंटी पहिला नंबर. दाजी ढेपाळलेलेच होते, देणार होते. गुगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं आणि वर ताईने काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

फेब्रुवारी जवळजवळ कोराच गेला. दाजी रोज संध्याकाळी विचारायचे, "काही हललं का रे?" आणि मी म्हणायचो, हलेल. मनात म्हणायचो नाही हललं तर होळीला यांच्याकडे जायची सोय राहायची नाही. ४०४ ची यादी हळूहळू कमी होत होती, नवीन पत्ते आत येत होते, पण फोन नाहीत. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दाजींचा फोन, आवाजच वेगळा, "अरे, बिहारचा आला! बिहारचा फोन आला!" कुणीतरी गयाला जायची टॅक्सी विचारत होता. सात वर्षांत पहिल्यांदा दाजी त्या माणसाशी पाच मिनिटं प्रेमाने बोलले.

सगळं परत आलं असं नाही. "औरंगाबाद टॅक्सी" या नुसत्या दोन शब्दांवर आम्ही पूर्वी वरच्या तिघांत असायचो, तिथे आता मोठे बुकिंगवाले ॲप बसलेत, ते हलायचे नाहीत, मीही तिथे डोकं फोडत नाही. पण लांब वाक्य टाकून शोधणारा, "सोमवारी अजिंठा चालू असतं का" असं विचारणारा माणूस आमच्याकडेच येतो आणि तोच गाडी पण बुक करतो. डिसेंबर २०२४ चे "गु" मोजले, ५३. त्यात मराठीत नवीन नावाने शोधून आलेले किती होते ते सर्च कन्सोलमध्ये बघितलं, आदल्या वर्षी जेमतेम होते, आता चांगला मोठा हिस्सा. पत्ते नवीन ठेवल्याचं तेव्हा बरं वाटलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं पण नाव बदललं. त्याच दिवशी संध्याकाळी दाजींचा फोन, "स्टेशन पिकअपचं पान आहे ना आपलं, पुतण्या आलाय सुट्टीला, बटन दाबू का?"

मी जेवत होतो. म्हणलं, दाजी, लॅपटॉप बंद करा, कोणी कशाला हात लावू नका, मी आलोच.